ऑक्सिजन सेन्सर खरंच ‘गेलाय’ का?

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव किंवा मंचरच्या एखाद्या गॅरेजात ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागलेली पेट्रोल गाडी आली, की स्कॅनर जोडतात. कोड निघतो आणि अनेकदा निदान तिथंच आटोपतं: ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदला. बिचारा सेन्सर! कित्येकदा तो खरं बोलला म्हणूनच दिवा लागलेला असतो.

बॉशचा हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला. धुराच्या नळीत बसणाऱ्या या बोटभर वस्तूच्या टोकाला झिर्कोनिया या सिरॅमिकची टोपी असते. बाहेरून धूर, आतून साधी हवा. साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापली की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या तफावतीनुसार ती वीज निर्माण करते. धुरात ऑक्सिजन उरला नाही, म्हणजे पेट्रोल जास्त: ०.९ व्होल्टच्या आसपास. उरला, तर ०.१. त्याबरहुकूम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे धडधाकट सेन्सरचा आकडा सारखा वरखाली होत असतो.

कोड पी०१३५ असेल तर संशय सेन्सरला तापवणाऱ्या हीटरवर. आधी फ्यूज पाहावा, मग मल्टिमीटरने हीटरचा रोध. उसाच्या फडालगत उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडलेलीही असू शकते. ती जोडताना डाख देऊ नये. बरेच सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात.

पी०१७१ म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. इथं इनटेकचा चिरलेला पाइप शोधावा. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचं गॅस्केट फुटलं असेल तर बाहेरची हवा धुरात शिरते आणि सेन्सर फसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे काही अंशी पुन्हा ऊसच! किलोभर पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. साहजिकच ईसीयूला इंधन वाढवावं लागतं. जुन्या गाडीत आधीच थोडी गळती असेल, तर ही वाढ मर्यादेपलीकडे जाऊन दिवा लागू शकतो. नवा सेन्सर बसवला तरी दिवा पुन्हा लागेल.

तेव्हा पैसे मोजण्याआधी मेकॅनिकला एवढं सांगा: इंजिन गरम करा, स्कॅनरवर पुढच्या, म्हणजे इंजिनाजवळच्या सेन्सरचा व्होल्टेज पाहा आणि ॲक्सिलरेटर झटकन दाबा. आकडा ०.८ च्या वर गेला आणि पाय काढताच खाली आला, तर सेन्सर जिवंत आहे.