गार मुलखातल्या भाज्या, काळ्या मातीतलं परस

मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे हे कपाशी आणि मक्याच्या पट्ट्यातलं गाव. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि खरी थंडी टिकते ती दिवाळी ते महाशिवरात्र एवढीच. तरीही आज इथल्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर, फूलगोबी, पत्तागोबी, टमाटे, गाजर लावता येतात. यांतली एकही भाजी मूळची इथली नाही. त्या इथे रुजल्या त्या बियाण्याच्या निवडीमुळे, आणि त्या निवडीला दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

फूलगोबीचंच बघा. 1822 मध्ये डॉ. जेमसन यांनी इंग्लंडच्या क्यू उद्यानातून तिचं बी आणून सहारनपूरच्या कंपनी बागेत लावलं. पुढे उत्तरेतले माळी उन्हातही गड्डा धरणाऱ्या झाडांचंच बी राखत गेले. पिढ्यान्‌पिढ्या असं होत गेलं आणि 20 ते 27 अंशांतही गड्डा धरणारी देशी फूलगोबी तयार झाली. ‘पुसा कातकी’, ‘पुसा दीपाली’ हे वाण त्याच वंशातले. विलायती ‘स्नोबॉल’ला मात्र 10 ते 16 अंशांचा गारवा लागतो. तिचं बी मैदानात नीट धरत नाही, म्हणून 1949 पासून कुलू खोऱ्यातल्या कटराईनला अशा भाज्यांच्या बीजोत्पादनाचं काम उभं राहिलं.

परसात याचा अर्थ लगेच दिसतो. देशी, हळवी फूलगोबी उशिरा, ऐन थंडीच्या तोंडावर लावली तर रोप वाढायच्या आतच सुपारीएवढा गड्डा धरतं आणि तिथेच थांबतं. स्नोबॉल पावसाळ्यात लावली तर पानांचा नुसता पसारा, गड्ड्याचा पत्ता नाही. खत दोघींना सारखंच, पाणीही सारखंच. चुकलेला असतो तो महिना.

कांद्याची अडचण उजेडाची. थंड देशांतल्या वाणांना गाठ धरायला चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच. तिथलं बी इथे लावलं तर पातच खावी लागते. ‘नँटिस’ गाजर हिवाळ्यात छान पोसतं, पण फुलावर यायला त्याला कित्येक आठवडे कडक थंडी लागते, म्हणून त्याचं बी घरी धरता येत नाही. टमाट्याचं नेमकं उलटं: झाड उन्हाळ्यात जगतं, पण रात्री तापल्या की फुलं गळतात. पऱ्हाट्यांचा मांडव किंवा हिरवी जाळी पानं वाचवते. रात्रीचा उकाडा तिला अडवता येत नाही.

एवढ्या वाटचालीतून परसबागेसाठी एक गोष्ट पक्की ठरते. ब्रोकोली असो वा लेट्यूस, नव्या भाजीचं पाकीट घेताना वरच्या चित्राआधी वाणाचं नाव आणि पेरणीचा काळ वाचावा. ज्यांचं सरळ वाणाचं बी इथे धरतं, त्या टमाट्यासारख्या भाज्यांत आपल्या उन्हाला टिकलेल्या झाडाचं फळ बियाण्यासाठी राखून ठेवावं. उत्तरेतल्या माळ्यांनी केलं ते हेच, आणि ते धामणगावच्या चार वाफ्यांतही करता येतं.