माळवदाची डागडुजी कोणी करावी?

आपल्या मराठवाड्यात जेथे जेथे माळवदाची घरे आहेत, तेथे पावसाळ्यापूर्वी छतावर पांढऱ्या मातीचा नवा थर घालण्याचा प्रघात आहे. परंतु जुना थर न काढता नवा चढविल्याने ओझे वर्षानुवर्षे वाढत जाते. दहा फूट लांब-रुंद खोलीवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास; तिचे वजन सुमारे साडेचार टन भरते. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा असलीच जड माळवदे व चिखलात रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. त्या भिंतींचे आतले व बाहेरचे पदर जोडणारे आरपार दगड बहुधा नव्हतेच.

सबब सारवण करणे, पन्हळी साफ ठेवणे ही कामे घरधन्याने खुशाल करावीत. मात्र भिंतीस पोट सुटले, तुळई वाकली वा कोपरा उकलला, तर नुसत्या गिलाव्याने दोष झाकू नये. टेकू देऊन माती उतरविणे, आरपार दगड बसविणे, तुळई बदलणे ही कामे अभियंत्याच्या सल्ल्याने जाणत्या गवंडी-सुतारांकडूनच करवावीत. मजुरी जड वाटेल खरी. परंतु त्याच छताखाली आपली मुलेबाळे निजतात, याचा विचार शेतकरी बंधूंनी अवश्य करावा.