ताम्रपट आणि इतिहासाचा शिक्षक

विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या अंगाला वसलेलं खारेपाटण आज मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांना सिंधुदुर्ग जिल्हा सुरू झाल्याची खूण म्हणून ठाऊक असतं. इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव माहीत आहे ते इथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे.

त्यातला पहिला शिलाहार राजा रट्टराजाचा, शके 930 म्हणजे इ.स. 1008 चा. राजाने आपल्या गुरूला अव्वेश्वराच्या देवळासाठी दिलेल्या दानाचा हा लेख. त्यात गावं आहेत, जमीन आहे, तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबं आहेत. आणि परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण, म्हणजे सोन्याचं नाणंही आहे! बंदरातल्या जकातीतून देऊळ चालायचं, हे एवढ्या थेटपणे सांगणारा पुरावा वर्गात ठेवला, तर व्यापार, धर्म आणि राजसत्ता हे तीन धडे एकाच तासात शिकवता येतील.

हा लेख प्रथम प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनी. गाव पोंभुर्ले, शेजारच्या देवगड तालुक्यातलं. 'दर्पण'कार म्हणून त्यांचं नाव सगळे घेतात. पण ते शाळा तपासनीस होते, शिक्षक घडवणाऱ्या अध्यापकवर्गाचे प्रमुख होते आणि शाळांसाठी इतिहासाची पुस्तकंही लिहीत होते. शिलालेख वाचणारा, पाठ्यपुस्तक लिहिणारा आणि मास्तरांना तयार करणारा माणूस एकच होता. 1846 साली ते ऐन तारुण्यात गेले. पुढे ही तीन कामं तीन वेगळ्या खात्यांत वाटली गेली, याची मला मनापासून खंत वाटते.

सहावीच्या पुस्तकात 'इतिहासाची साधने' हा धडा आहे. भौतिक, लिखित, मौखिक अशी वर्गवारी मुलं पाठ करतात. ताम्रपट मात्र बहुतेकांनी पाहिलेला नसतो, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणातही तो कसा वाचायचा याला क्वचितच वेळ मिळतो. याउलट अमेरिकेत 2001 पासून सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने इतिहासशिक्षकांच्या प्रशिक्षणाला केंद्र सरकारचं अनुदान मिळत होतं. दहाएक वर्षांनी ते थांबलं, पण तिथलं राष्ट्रीय अभिलेखागार आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस आजही मूळ कागदपत्रं शिक्षकांच्या हाती देतात आणि ती वर्गात कशी वापरायची हेही शिकवतात. आपल्याकडे साधनांची वाण नाही. वाण आहे ती साधन आणि शिक्षक यांची गाठ घालून देणाऱ्याची.

खारेपाटणच्या लेखावर शिक्षकांची एक कार्यशाळा घ्यायची, तर काय करता येईल? रट्टराजा चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक. तरी लेखात आधी राष्ट्रकूटांची वंशावळ येते, ज्यांची सत्ता चालुक्यांनीच संपवली होती. असं का, याचं उत्तर शिक्षकांनी आधी स्वतः लेखातून शोधावं. मग शेजारी ठेवावा इथलाच दुसरा ताम्रपट, उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा, शके 1016 म्हणजे इ.स. 1094 चा. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी तो प्रसिद्ध केला. त्यात भाभण आणि धनाम या श्रेष्ठी भावांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत जकात माफ केली आहे. एका लेखात जहाजांवर कर, दुसऱ्यात माफी, आणि मधे 86 वर्षं. माफी कुणाला मिळाली, कुणाला नाही, आणि या दोन भावांचं राज्यात वजन किती असावं, इथून मुलांना प्रश्न विचारायला सुरुवात करावी.