मांजर जेवत नाही? स्वादुपिंडाची सूज असू शकते
यवतमाळकर मांजरप्रेमींनो, मांजर अन्नाला तोंड लावत नाही, मलूल होऊन कोपऱ्यात बसतं? स्वादुपिंडाला सूज असू शकते. प्रत्येक मांजराला उलट्या होतातच असं नाही.

कारण बहुतेकदा सापडत नाही. पण ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक हे एक ज्ञात कारण. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात शेतकरी, शेतमजूर दगावले. फवारणीचे पंप, डबे मांजरापासूनही लांब ठेवा.

🔹 निदान: रक्ततपासणी, सोनोग्राफी
🔹 उपचार: सलाईन, वेदनाशामक, मळमळीचं औषध, लवकर अन्न

उपाशी ठेवू नका, यकृतात चरबी साचते. घरातलं पॅरासिटामॉल तर मुळीच नको, मांजरासाठी ते जीवघेणं आहे.

तालुक्यात सोय नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. एक दिवस न जेवलेलं मांजर डॉक्टरांना दाखवाच!