वाळूच्या वाटेने लुडरित्सला

वाचकहो, नामिबियाच्या नकाशात दक्षिणेकडे औस हे लहानसे गाव शोधा. तेथून पश्चिमेस लुडरित्स बंदरापर्यंत सुमारे १२५ किलोमीटरची एकच सडक जाते. वाटेत गारुबच्या पाणवठ्यावर मोकाट घोडे दिसतील. पुढे मात्र झाडाची सावलीही नाही. वारा सुटला की वाळू सडकेवर चढते व ती उपसावी लागते.

रुळांवरील अशीच वाळू उपसताना १९०८ साली झकारियास लेवाला या मजुरास हिरा सापडला. मग कोल्मान्सकोप हे श्रीमंत गाव वसले आणि १९५६ पर्यंत ओसही पडले. तेथील दिवाणखान्यांत आता वाळू साचली आहे. लेवालास काय मिळाले म्हणाल, तर काहीच नाही!

पण हिऱ्यांच्या कथेतच रमू नका. हा लोहमार्ग बांधण्यासाठी नामा व हेरेरो कैदी राबविले गेले. १९०५ ते १९०७ या काळात जर्मन सत्तेने त्यांना बंदरालगतच्या शार्क बेटावर, अटलांटिकच्या बोचऱ्या वाऱ्यात डांबले. हजाराहून अधिक जीव गेले. नामांचे पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्सही तेथेच १९०७ मध्ये वारले. हा वंशसंहार होता, हे जर्मनीने २०२१ साली मान्य केले. दरम्यान त्याच बेटावर पर्यटकांच्या मुक्कामाची सोय झाली होती. फ्रेडरिक्स यांचे स्मारकही तेथे आहे. गावात उतरलात तर आधी ते पाहून या.