आधी टाय रॉड एंड, मग अलाइनमेंट

वळणावर मोटारीची पुढची दोन्ही चाकं सारख्या कोनात वळत नाहीत. आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून त्याला जास्त वळावं लागतं. हा पेच घोडागाडीच्या काळातला. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या कारागिराने तो सोडवला आणि रुडॉल्फ अकरमनने १८१८ मध्ये त्याचं इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. नाव अर्थातच अकरमनचं झालं!

आजच्या गाडीत स्टिअरिंगचा हुकूम चाकाला पोचवतो टाय रॉड. त्याच्या बाहेरच्या टोकाशी वाटीत बसवलेला पोलादी गोळा असतो; हाच सांधा म्हणजे टाय रॉड एंड. खड्ड्यात चाक वरखाली होतं, त्याच वेळी वळतही असतं. दोन्ही हालचाली या सांध्याने झेलायच्या, तेही ढिलं न पडता. आतलं ग्रीस राखायला वर रबरी बूट असतो. तो फाटला की पावसाळ्यात पाणी आणि बारीक वाळू आत शिरते, ग्रीस धुऊन जातं आणि गोळा झिजू लागतो. बऱ्याच नव्या गाड्यांत ग्रीस भरायला निपलच नसतं, त्यामुळे बूट फाटका दिसला की सांधा बदलायचा हेच बरं.

झीज ओळखायची कशी? गाडी सपाट जागी उभी करा, एकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि सांध्याकडे बघा. रॉड हलतोय पण चाकाकडची बाजू क्षणभर मागे राहतेय, म्हणजे प्ले आला. टायरवरून आडवा हात फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचत असेल, तर टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं प्रमाण, बिघडला आहे.

इथेच पैसे वाया जातात. गाडी एका बाजूला ओढते म्हणून लोक अलाइनमेंट करून घेतात, महिन्याभराने पुन्हा करतात. सांध्यात प्ले असेल तर मशीनवर जुळवलेला टो रस्त्यावर टिकणारच कसा? उलट सांधा बदलल्यावर मात्र अलाइनमेंट हवंच, कारण टो ठरतो रॉडच्या लांबीवर आणि एका आट्याचा फरकही त्याला पुरतो.

सांध्याच्या नटाला स्प्लिट पिन असेल, तर जुनी सरळ करून पुन्हा घालू देऊ नका. नवीच मागून घ्या. नट सुटून सांधा निखळला, तर त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबा उरत नाही.