गर्दीत नाचताना धक्का का लागत नाही?

बॉलरूम नृत्यात कोणत्याही क्षणी जोडीतील एक जण बहुधा पाठमोरा चालत असतो. तरीही भरलेल्या दालनात शेकडो पावले एकमेकांना न अडखळता फिरत राहतात. यामागे असते एक ठरलेली दिशा, काही अलिखित संकेत आणि ऐन वेळी गिरकी सोडून देण्याची तयारी.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल हे पर्यटकांचे शहर. तेथील टॉवर बॉलरूम हे नृत्यदालन १८९९ मध्ये फ्रँक मॅचम या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार उभे राहिले. १९५६ च्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर ते पुन्हा पूर्ववत करण्यात आले. महोगनी, ओक आणि अक्रोड या लाकडांच्या ३० हजार ६०२ ठोकळ्यांची त्याची जमीन १२० फूट लांब व १०२ फूट रुंद आहे. आकडा मोठा वाटतो; परंतु वॉल्ट्झचे सूर सुरू झाले आणि सर्व टेबलांवरची मंडळी उठली की एवढी जागाही अपुरी पडते. त्या गर्दीत तिशीतले सराईत नर्तक असतात, पहिल्यांदाच पाऊल टाकणारे नवखे असतात आणि सत्तरी ओलांडलेली दांपत्येही असतात.

अशा ठिकाणी लागलेला धक्का केवळ रसभंग करत नाही. उंच टाचेचा बूट घोट्यावर किंवा पायाच्या बोटांवर पडला तर दुखापत होते. वयस्कर व्यक्तीचा तोल गेला तर प्रकरण हाड मोडण्यापर्यंत जाऊ शकते. त्याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीनदा धक्के खाल्लेली जोडी मुकाट्याने खुर्चीवर जाऊन बसते आणि पुन्हा उठत नाही. गर्दीतून वाट काढण्याच्या या कौशल्याला इंग्रजीत ‘फ्लोअरक्राफ्ट’ म्हणतात. दालनात सर्वांना नाचता येणार की मोजक्याच सराईतांना, हे या कौशल्यावर ठरते.

उलटी प्रदक्षिणा

पहिला नियम दिशेचा. देवळातील प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. बॉलरूममध्ये नेमके उलट असते. पुढे तोंड करून चालणाऱ्याच्या उजव्या हाताला भिंत आणि डाव्या हाताला दालनाचा मध्य येतो. वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप हे पाचही ‘स्टँडर्ड’ नृत्यप्रकार याच दिशेने पुढे सरकतात. तिला ‘लाइन ऑफ डान्स’ असे नाव आहे. नृत्यशिक्षणाच्या पुस्तकांत प्रत्येक पदन्यासाबरोबर तो या रेषेशी, भिंतीशी किंवा मध्याशी कोणता कोन करतो, हेही दिलेले असते.

या साध्या संकेताचे महत्त्व हिशेबाने समजते. समजा, दोन जोड्या सेकंदाला एक मीटर वेगाने समोरासमोर येत आहेत आणि त्यांच्यात तीन मीटर अंतर आहे. दीड सेकंदात त्या धडकतील. वॉल्ट्झचे संगीत मिनिटाला २८ ते ३० मात्राखंडांच्या गतीने वाजते, म्हणजे तीन पावलांचा एक खंड साधारण दोन सेकंदांचा. तो पुरा होण्याआधीच धडक झालेली असेल. आता त्याच दोन जोड्या एकाच दिशेने जात आहेत आणि पुढची थोडी संथ, सेकंदाला ०.८ मीटर वेगाने चालली आहे, असे समजू. तेच अंतर भरून यायला पंधरा सेकंद लागतात. सात खंडांहून अधिक वेळ हाती येतो. तेवढ्यात वाट बदलणे, पाऊल आखूड करणे किंवा थांबणे सहज शक्य होते.

दिशेइतकाच जागेचा संकेतही पाळला जातो. लांब पावलांनी प्रवास करणाऱ्या जोड्या कडेच्या पट्ट्यातून जातात. जागच्या जागी नाचणाऱ्यांनी मध्यभाग धरायचा असतो. पुढच्या जोडीला मागे टाकायचे असेल तर मध्याच्या बाजूने जावे. ती जोडी आणि भिंत यांच्यामध्ये घुसू नये. खरी कसोटी कोपऱ्यांत लागते. तेथे सगळ्यांनाच वळायचे असते, प्रवाह मंदावतो आणि कोपरा कापून आत शिरणारी जोडी इतरांच्या वाटेत येते. म्हणूनच जाणता नर्तक कोपऱ्यात पोहोचण्यापूर्वीच आपली गती आवरतो.

पाठीला डोळे

बॉलरूमच्या पकडीत दोघे एकमेकांच्या अगदी समोर उभे नसतात. प्रत्येक जण किंचित स्वतःच्या डावीकडे सरकलेला असतो आणि त्याची नजर जोडीदाराच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे जाते. त्यामुळे डावी बाजू मोकळी दिसते. उजवीकडचे दृश्य जोडीदाराच्या डोक्याआड झाकले जाते आणि पाठीमागचे तर दिसतच नाही.

वाट ठरवण्याची जबाबदारी परंपरेने पुरुषाकडे आली. टॉवर बॉलरूमच्या जुन्या नियमांत तर सोबत स्त्री असल्याशिवाय पुरुषाने नाचू नये, असे कलम होते. आता अनेक दालनांत स्त्रियाही नेतृत्व करतात. दोन स्त्रियांच्या किंवा दोन पुरुषांच्या जोड्याही दिसतात. नेतृत्व कोणीही करो, पाठमोरे पाऊल टाकताना त्याला समोरच्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागते. वॉल्ट्झच्या उजव्या गिरकीत पूर्वार्धात नेतृत्व करणारा पुढे जातो आणि उत्तरार्धात मागे. त्या उत्तरार्धात वाट दिसते ती साथ देणाऱ्या जोडीदाराला. मागून कोणी येत असेल तर ती आपला डावा हात त्याच्या दंडावर किंचित दाबते. एवढी खूण पुरते. ती ओळखून त्याच पावलावर थांबणे हे नेतृत्व करणाऱ्याचे कर्तव्य ठरते. साथ देणारी केवळ मागे-मागे जाते, हा समज अशा वेळी साफ खोटा पडतो.

सोडून देण्याची तयारी

नवखे नर्तक पदन्यास क्रमाने पाठ करतात आणि समोर माणूस आला तरी तो क्रम पुरा करण्याचा हट्ट धरतात. बहुतेक धडकांचे मूळ येथे असते. अनुभवी नर्तकाचा क्रम ठरलेला नसतो. मोकळी जागा जशी दिसेल तसा तो पुढचा पदन्यास निवडतो. त्यासाठी नजर स्वतःच्या पायांवर न ठेवता पुढच्या दोन-तीन जोड्यांच्या पलीकडे ठेवावी लागते.

वाट अडली तर काय करायचे, याची उत्तरे नृत्यातच आहेत. वॉल्ट्झमधील ‘हेझिटेशन चेंज’मध्ये पाऊल क्षणभर रेंगाळते आणि समोरची जोडी पुढे निघून जाते. फॉक्सट्रॉटमध्ये ‘चेंज ऑफ डायरेक्शन’ घेऊन भिंतीकडचा मोहरा मध्याकडे वळवता येतो. गिरकी अर्ध्यावर सोडून कोन बदलता येतो. काहीच जमले नाही तर पावले आखूड करून तालात जागच्या जागी डुलत राहावे. ताल सुटला नाही तर पाहणाऱ्याला अडचण आली होती हे कळतही नाही. क्विकस्टेपमध्ये मात्र हा निर्णय फार झटपट घ्यावा लागतो. मिनिटाला ५० खंड म्हणजे एका खंडाला अवघे १.२ सेकंद मिळतात.

स्पर्धकांचीही यातून सुटका नाही. ब्लॅकपूलच्याच विंटर गार्डन्समधील एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० पासून भरणाऱ्या नृत्यमहोत्सवात अनेक जोड्या एकाच वेळी परीक्षकांसमोर नाचतात. अंतिम फेरीत सहसा सहा जोड्या उरतात. आधीच्या फेऱ्यांत गर्दी अधिक असते. महिनोन्‌महिने घोटवलेली रचना तेथे क्षणात बदलावी लागते आणि ती किती सफाईने बदलली, याकडेही परीक्षकांचे लक्ष असते.

गर्दीने घडवलेली नृत्ये

जागेच्या टंचाईने नृत्याचे रूपही पालटले आहे. स्लो फॉक्सट्रॉटची लांब, वाहती पावले लंडनमधील नाइट क्लबांच्या चिमुकल्या फ्लोअरवर मावेनात, तेव्हा आखूड पावलांचा सुटसुटीत प्रकार रूढ झाला. गर्दीला उद्देशून त्याला ‘क्रश’ असेही म्हटले गेले.

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेसमध्ये टँगोच्या बाबतीत असेच घडले. तेथील टँगोच्या मैफलीला ‘मिलोंगा’ आणि नाचणाऱ्यांच्या फिरत्या वर्तुळाला ‘रोंदा’ म्हणतात. शहरातील गजबजलेल्या क्लबांत छातीला छाती भिडवून, अगदी छोट्या पावलांनी नाचण्याची शैली बहरली. चालत्या रोंदामध्ये शिरू पाहणारा आधी येणाऱ्या जोडीच्या नेत्याशी नजरानजर करतो आणि त्याने मान हलवून संमती दिल्यावरच पाऊल टाकतो. पुढच्या जोडीला ओलांडणे तेथे असभ्य मानले जाते. २००९ मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना व उरुग्वेच्या टँगोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

हे संकेत आपल्याकडेही उपयोगी पडणारे आहेत. गोव्यातील आणि मुंबईतील ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नसमारंभांत बँडच्या साथीने वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट व जाइव्ह नाचण्याची प्रथा आहे. तेथे आजी-आजोबांपासून लहान मुलांपर्यंत सारेच एका फ्लोअरवर येतात. जाइव्ह जागच्या जागी नाचण्याचा प्रकार असल्याने जोडीने आपले वर्तुळ आवरले तरी पुरते. वॉल्ट्झ सुरू झाला की मात्र दिशा पाळावीच लागते.

फ्लोअरवर सर्वांचे कौशल्य सारखे नसते, हे गृहीत धरूनच ही शिस्त उभी आहे. नवख्याला स्वतःची पावले सांभाळतानाच घाम फुटतो. आजूबाजूला पाहण्याची सवड त्याला नसते. म्हणून ज्याला अधिक येते, त्याने अधिक सांभाळायचे. चुकून वाटेत आलेल्या जोडीकडे रागाने पाहण्याऐवजी तिला वळसा घालून जाणारा नर्तकच फ्लोअरवर खरा जाणकार मानला जातो.

हे लक्षात ठेवा

- घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने नाचा. गर्दीत मागे उलटे फिरू नका.
- शिरण्यापूर्वी येणाऱ्या जोडीकडे पाहा आणि तिला जाऊ द्या.
- गाणे संपल्यावर किंवा पेला हातात असताना फ्लोअर मधून ओलांडू नका, कडेने जा.
- जोडीदाराला पदन्यास शिकवण्यासाठी वाटेत थांबू नका, बाजूला व्हा.
- पाय उंच फेकणे, जोडीदाराला उचलणे हे प्रकार गर्दीत टाळा.
- धक्का लागलाच तर चूक कोणाचीही असो, थांबून विचारपूस करा आणि क्षमा मागा.